पोटाची फाईल एकच ठेव गं

अगं, आतड्याचे कागद एका पिशवीत आणि स्वादुपिंडाचे दुसरीत, असं करू नकोस. धाराशिवचे असोत की सोलापूरचे, डॉक्टरांपुढे दोन्ही एकत्रच ठेव. तुझा अल्सरेटिव्ह कोलायटिस जुना आणि ही स्वादुपिंडाची सूज नवी, पण दोन्हींचं मूळ एक असू शकतं.

शरीराची राखण करणारी यंत्रणाच कधीकधी स्वादुपिंडावर उलटते. या आजाराला ‘ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस’ हे नाव जपानी डॉक्टरांनी 1995 मध्ये दिलं. त्याचे दोन प्रकार. पहिला बहुधा उतारवयातल्या पुरुषांना होतो. त्यात रक्तातलं आयजीजी-4 हे प्रतिपिंड बरेचदा वाढतं. दुसरा तरुणपणी गाठतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आतड्याचा आजार असतो, जास्त करून तुझ्यासारखा कोलायटिस. या प्रकारात आयजीजी-4 सहसा नॉर्मलच येतं. तेव्हा तो एक रिपोर्ट चांगला आला म्हणून सुटलो, असं समजू नकोस.

पण घाबरूनही जाऊ नकोस. कोलायटिस असलेल्या बहुतेकांना हे कधीच होत नाही. सूज पित्ताच्या खड्यांनी येते, औषधानेही येते. कोलायटिसवरचं अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून कुठली गोळी कधी सुरू झाली, ती तारीख लिहून ने.

डोळे पिवळे दिसले, तर कावीळ उतरवायला कुणाकडे जाऊ नकोस, सरळ दवाखाना गाठ. सुजलेलं स्वादुपिंड पित्तनळी दाबतं, त्यानेही कावीळ होते. स्कॅनमध्ये ही सूज कधी कर्करोगाच्या गाठीसारखी दिसते. अशा वेळी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने तुकडा काढून तपासतात. कर्करोग नाही याची खात्री झाली की स्टेरॉइड देतात, आणि ऑटोइम्यून सूज त्याने बहुधा लवकर ओसरते.

स्टेरॉइडवर साखर वाढू शकते, ती तपासत राहा. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम सोडू नकोस. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. नवरात्रात उपवासापायी गोळी चुकवशील, हे मला ठाऊक आहे. यंदा उपवास नको, तुळजापूरला जाऊन नुसतं दर्शन घे. आई भवानी त्यासाठी रागवायची नाही.

आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना तोंड उघडून विचार, “माझ्या आतड्याचा आणि या सुजेचा संबंध आहे का?” त्यांनी विचारायची वाट बघू नकोस.