भिंत धुण्याचा हिशेब

कोकणात पाऊस फार. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो. तो सगळा साठून राहिला असता, तर दहा फूट पाणी उभे राहिले असते. एवढ्या पाण्यात घराच्या भिंती हिरव्या-काळ्या पडायच्याच. ते शेवाळ असते. ते ओल धरून ठेवते. त्यावर तसाच चुना किंवा रंग लावला, तर पोपडे सुटतात. रंगाचे पैसे पाण्यात जातात. म्हणून दसऱ्यानंतर ऊन पडले, की आधी भिंत धुवावी. ती चांगली वाळू द्यावी. मग रंग लावावा.

पूर्वी हे काम काथ्याच्या ब्रशाने होत असे. आता पाण्याचा जोराचा फवारा मारणारे मशीन निघाले आहे. ते घेऊन माणसे गावोगाव येतात. एका आत्याबाईंच्या दारात असाच एकजण आला.

"आत्या, सगळं घर बाहेरून धुऊन देतो. उक्ते पाच हजार द्या."

"पाच हजार कसे झाले ते सांग, बाबा."

"अंदाजानं सांगितले."

"अंदाज नको. थांब, मी टेप आणते."

आत्याबाईंचे घर ३० फूट लांब आणि २० फूट रुंद. भिंती १० फूट उंच. चारी बाजूंची लांबी मिळून १०० फूट झाली. तिला उंचीने गुणले:

१०० × १० = १,००० चौरस फूट.

भिंतीच्या कामात १०० चौरस फुटांना एक ब्रास म्हणतात. म्हणजे ही भिंत १० ब्रास झाली. (वाळूचा ब्रास वेगळा. तो घनफुटांचा असतो. दोन्हींची गल्लत करू नका.)

पण दारे-खिडक्या काही धुवायच्या नाहीत. दोन दारे, प्रत्येक ४ × ७ = २८. दोहोंचे ५६. सहा खिडक्या, प्रत्येक ३ × ४ = १२. सहांचे ७२. एकूण १२८ वजा केले. राहिले ८७२.

मग आत्याबाईंनी घराभोवती एक फेरी मारली. पूर्वेला पडवी आहे, तिकडची भिंत कोरडी होती. दक्षिणेची उन्हाने वाळून साफ झाली होती. पश्चिमेवर पावसाची झड बसते, ती हिरवीगार. उत्तरेला ऊन लागत नाही, तीही हिरवी. म्हणजे धुवायच्या भिंती दोनच!

पश्चिम: ३० × १० = ३००
उत्तर: २० × १० = २००
दोन्ही मिळून ५००
तीन खिडक्या वजा ३६
राहिले ४६४ चौरस फूट

"तुझा फुटाचा दर काय?"

"तीन रुपये."

४६४ × ३ = १,३९२ रुपये. कुठे पाच हजार आणि कुठे हे! चारी भिंती धुतल्या असत्या, तरी २,६१६ रुपयेच झाले असते.

मशीनवाला म्हणाला, "आत्या, मशीन आणायला रिक्षाला दोनशे लागले. ते कोण देणार?" हे बोलणे काही खोटे नव्हते. त्याचाही खर्च आहेच. आत्याबाईंनी दोनशे धरले. १,५९२ झाले. व्यवहार १,६०० ला ठरला. तुमच्या गावात दर वेगळा असेल. दर कोणताही असो, रीत हीच.

वीज आणि पाणी कोणाचे, हेही आधी विचारावे. मशीनवर एक पट्टी असते. तिच्यावर आकडे लिहिलेले असतात. ते वाचावे. १,८०० वॅट लिहिले असेल, तर तासाला सुमारे पावणेदोन युनिट वीज लागते. मिनिटाला ७ लिटर लिहिले असेल, तर तासाला ४२० लिटर पाणी. म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपे भरून थोडे वर. विहिरीचे पाणी असेल तर अडचण नाही. टँकरचे असेल, तर हा खर्चही मांडा.

त्याच पट्टीवर 'बार' हा शब्द दिसेल. हा पाण्याचा जोर. १०० बार म्हणजे नखाएवढ्या जागेवर सिमेंटच्या दोन गोण्यांचा भार! नळीच्या तोंडाशी हात नेऊ नका. एवढ्या जोराचे पाणी कातडीत घुसते. पोरांना लांब ठेवा. विजेच्या मीटरवर आणि बटणांवर फवारा जाऊ देऊ नका.

हा जोर सगळ्याच भिंतींना सोसत नाही. पक्क्या सिमेंटच्या गिलाव्याला चालतो. पण गिलाव्याला भेगा असतील तर पाणी आत जाते, त्या आधी बुजवाव्यात. चिऱ्याची जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल, तर सांध्यातला चुना वाहून जातो. धुण्याचे वाचलेले पैसे गवंड्याला द्यावे लागतात, आणि वर आणखी. अशा भिंतीला ब्रशच बरा. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून लावावी, पंधरा मिनिटांनी घासून साध्या पाण्याने धुवावी. डोळे सांभाळावेत. फरशी धुण्याचे ॲसिड तिच्यात मुळीच मिसळू नये, विषारी वायू निघतो. मातीच्या भिंतीला तर पाणीच नको. ती वाळू द्यावी आणि शेवाळ कोरड्या ब्रशाने झाडून काढावे.

आत्याबाईंची भिंत सिमेंटच्या गिलाव्याची होती. मशीन सुरू होण्यापूर्वी त्यांनी वहीच्या पानावर लिहिले:

"पश्चिम व उत्तर भिंत धुणे. ४६४ चौरस फूट. दर ३ रुपये. रिक्षा धरून एकूण १,६०० रुपये. वीज-पाणी माझे. गिलावा उखडला तर दुरुस्ती मशीनवाल्याची. पैसे काम झाल्यावर."

खाली दोघांनी सह्या केल्या.

जाता जाता मशीनवाल्याने छपराकडे बोट दाखवले. "कौलंही धुऊ का? हिरवी झाल्येत."

"नको रे बाबा. वर चढलास तर निम्मी फुटतील. ती वैशाखात घर शाकारताना खाली उतरतात, तेव्हा ब्रशानं घासू."