मोठी सर्व्हिस येणारच आहे, आतापासून तयारी कर

ऐक गो. गोव्यातली जुनी जर्मन गाडी चांगल्या भावात मिळाली, घरातली सगळी खूश आहेत, मलाही फार बरं वाटलं. पण तुझ्या हिशेबात कर्जाचा हप्ता आहे, पेट्रोल आहे, विमा आहे. मोठ्या सर्व्हिसचे पैसे मात्र कुठेच धरलेले दिसले नाहीत. म्हणून आज मोकळेपणाने बोलते.

पहिली गोष्ट मनात पक्की धर. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची उतरत नाही. ६० लाखांची गाडी तुला १५ लाखांत मिळाली असेल, पण ब्रेकची डिस्क आणि सस्पेन्शनचा आर्म ६० लाखांच्या गाडीच्याच दराने येणार. गाडी परवडते की नाही हे खरेदीच्या किमतीवरून ठरवू नकोस, वर्षाच्या देखभालीवरून ठरव.

हा खर्च अचानक येत नाही. मर्सिडीजची सर्व्हिस आपल्याकडे वर्षाने किंवा १५,००० किलोमीटरने, जे आधी होईल तेव्हा येते. बीएमडब्ल्यू तर कशाची मुदत भरत आली ते स्वतःच स्क्रीनवर दाखवते. छोट्या सर्व्हिसला इंजिन ऑइल आणि फिल्टर. मोठ्या सर्व्हिसला त्यावर ब्रेक ऑइल, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर आणि किलोमीटर झाले असतील त्याप्रमाणे स्पार्क प्लग, कूलंट, गिअरबॉक्स ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्या दमट हवेत तर ते दोन वर्षांनी बदलायलाच हवं. तिथे काटकसर करू नकोस.

गिअरबॉक्स ऑइल बदलायची गरजच नाही असं काही जण सांगतील. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो, आणि झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत ते बदला म्हणते. जुनी गाडी नेमकी याच आकड्यांच्या जवळ आली की विकायला निघते. म्हणून आधीच्या मालकाची सर्व्हिसची सगळी बिलं माग. जे काम बिलात दिसत नाही, ते झालेलंच नाही असं धरून चाल.

आता पैशांचं बोलू. वर्कशॉपकडून पुढच्या मोठ्या सर्व्हिसचा अंदाज लेखी घे. समज, ७०,००० रुपये सांगितले. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्ट्सवर १८ टक्के आहे, आधी तो २८ होता. मजुरीवरही १८ टक्केच. म्हणजे १२,६०० वाढले आणि बिल ८२,६०० झालं. दोन वर्षांत वाटलंस तर महिन्याला साधारण साडेतीन हजार. बँकेत वेगळी आरडी उघड आणि कर्जाच्या हप्त्याच्याच दिवशी तिचे पैसे कापून जाऊ देत. त्या पैशांना गणपतीतही हात लावू नकोस. टायर, बॅटरी आणि ब्रेक पॅड यांचे पैसे यात धरलेले नाहीत, ते वेगळे ठेव.

एस्टिमेट हातात आलं की लगेच होकार देऊ नकोस. प्रत्येक ओळीवर विचार: हे गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, तपासणीत झिजलेलं दिसलंय, की तुम्ही सुचवताय? पहिलं करायचंच. दुसरं मोजमाप बघून करायचं. पॅड किती मिलिमीटर उरलाय ते दाखवायला लाव. तिसरं, म्हणजे इंजिन फ्लशिंग, एसीचा सुगंध, कोटिंग, बिनधास्त नाही म्हण. काढलेले जुने पार्ट परत माग. फोनवर विचारल्याशिवाय जादा काम करायचं नाही, हे जॉब कार्डवर लिहून घे.

गाडी वॉरंटीत असेल तर पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्याच्या कंपनी वर्कशॉपलाच ने. वॉरंटी संपली की पर्याय वाढतात. कंपनीच्या डब्यातला फिल्टर बऱ्याचदा मान किंवा माले यांसारखी फिल्टर कंपनी बनवते, आणि तोच त्यांच्या स्वतःच्या डब्यात स्वस्त मिळतो. बाहेरच्या गॅरेजकडे त्या ब्रँडचं स्कॅनर आहे ना ते बघ, आणि पुस्तकात सांगितलेल्या मानकाचंच ऑइल घालून घे. पार्ट आणि स्कॅनर बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. त्यांत मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही होत्या. बाहेर काम करून घेणं म्हणजे गाडीची हेळसांड, असं कोणी म्हटलं तर घाबरू नकोस.

भाव करायला लाजू नकोस. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. एकजूट असली की समोरचा ऐकतो. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गात तुझ्यासारख्या गाडीवाल्या चार जणी मिळून सर्व्हिस पॅकेजची चौकशी करा. पॅकेज घेताना ब्रेक पॅड त्यात आहेत का आणि गाडी विकली तर ते नव्या मालकाला मिळतं का, एवढं वाचून घ्या.

आपल्या बांद्याचंही लक्षात ठेव. तेरेखोल नदीचं पाणी बाजारात शिरतं, तेव्हा गाडी आधीच उंचावर ने. पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करून बघायची नाही, टो करूनच न्यायची. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर इंजिन जातं, आणि साध्या विम्यात ते बऱ्याचदा बसत नाही. विम्यात इंजिनचं संरक्षण जोडून घे. पावसाळा संपला की गाडी खालून धुवून गंज तपासून घे. बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडल्या नाहीत ना, तेही बघ.

बिलात फसवणूक वाटली तर भांडत बसू नकोस. कागद जप आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन कर.

आणि अजून एक, ताई म्हणून सांगते. सहा महिने आरडीत पैसे टाकून बघ. तेवढ्यानेच घरखर्चाची ओढाताण होत असेल, तर गाडी मोठ्या सर्व्हिसच्या आधी विकून टाक आणि पेलवेल अशी घे. त्यात कमीपणा काहीच नाही. पेलवत असेल तर मात्र एकही सर्व्हिस पुढे ढकलू नकोस.