काळी माती आणि घराचा पाया

मावळात इंदुरीजवळ इंद्रायणीच्या काठाने वैशाखात फिरलात, तर न भिजवलेल्या काळ्या रानात रुंद भेगा पडलेल्या दिसतील. आषाढात त्याच भेगा बुजून जातात. अशा जमिनीवर उथळ पाया घालून बांधलेल्या घरांच्या दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. गिलावा केला तरी ते पुन्हा उमटतात. असे का होते?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेला बेसाल्ट झिजून ही माती बनली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याचे पापुद्रे सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे असून त्यांच्यामध्ये सोडियम, कॅल्शियम यांचे धन आयन असतात. पाण्याचा रेणू ध्रुवीय असल्यामुळे हे आयन त्याला ओढून घेतात. पापुद्रे दूर सरतात व माती फुगते. पाणी उडून गेले की ती आकसते.

याचा पडताळा शिक्षकांच्या देखरेखीखाली घ्या. वाळवून बारीक चाळलेली 10 ग्रॅम माती 100 मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरा. ढवळून 24 तास ठेवा. रॉकेल अध्रुवीय असल्याने त्यात माती फुगत नाही. समजा, रॉकेलमध्ये मातीचे घनफळ 10 आणि पाण्यात 17 मिलिलिटर भरले, तर फुगवटा 70 टक्के झाला. तो 50 टक्क्यांहून अधिक असल्यास पायाची विशेष काळजी घ्यावी लागते.

सगळी माती सारखीच वर-खाली झाली असती, तर घराला फारसा धोका नसता. पण घराच्या मधोमध झाकलेल्या मातीचा ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र पावसात भिजते, उन्हात वाळते. त्यामुळे घराचे कोपरे उचलले जातात, पुन्हा खचतात. विटांचे बांधकाम दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून भिंत तडकते.

उपाय यातूनच सुचतात. काळ्या मातीचा थर उथळ असेल, तर पाया खालच्या मुरुमापर्यंत न्यावा. थर खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखे फुगीर काँक्रीटचे खांब किमान साडेतीन मीटर खोल घालतात; तेथे ऋतूंचा परिणाम फारसा पोहोचत नाही. पागोळ्यांचे व न्हाणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. मोठी झाडेही भिंतीलगत नसावीत.

घराच्या भिंतीला तडा असेल, तर त्याची रुंदी मे आणि सप्टेंबरमध्ये एकाच जागी मोजून तारखेसह लिहून ठेवा. ती ऋतूनुसार बदलत असेल, तर गवंड्याला बोलावण्याआधी पायाजवळ पाणी कोठे मुरते ते पाहा.