मुलाच्या तापावर औषध देताना



रोवणीच्या दिवसांत आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत एखादे तरी लेकरू तापाने पडलेले असते. आई दिवसभर बांधीत वाकून संध्याकाळी घरी येते, तो मुलाचे अंग निखाऱ्यासारखे तापलेले. अशा वेळी मंडळीच्या उपदेशकास अपरात्री बोलावणे येते. बोलावणाऱ्यास प्रार्थना हवी असते, आणि तितकेच हेही हवे असते, की घरात असलेल्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते कोणी तरी वाचून सांगावे. कित्येक टोल्यांत वाचता येणारा माणूस उपदेशकावाचून दुसरा कोणी नसतो. म्हणून आजचा पाठ त्या बाटलीविषयी आहे.

आरंभी एका शंकेचा निकाल लावू. औषध देणे म्हणजे विश्वासात उणे पडणे, असे मानणारे काही बंधू अद्याप आढळतात. हिज्कीया राजा आजारी असता यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरे बांधविली, ही गोष्ट त्यांनी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पाहावी. याहून अधिक वाद येथे करीत नाही.

मुलाच्या तापावर व अंगदुखीवर जे औषध हल्ली सर्वत्र दिले जाते, त्याचे नाव पॅरासिटॅमॉल. बाटलीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते व हे खरे नाव खाली बारीक अक्षरांत. उपदेशकाने ते बारीक अक्षरच वाचावे. हे औषध चांगले आहे. अंगाची उष्णता व वेदना ते कमी करते, मुलास चैन पडते, ते दोन घोट पाणी पिते व झोपी जाते. परंतु ज्या कारणाने ताप आला ते कारण या औषधाने जात नाही. घरात धूर झाला असता खिडकी उघडल्यास धूर निघून जातो, पण जळत असलेले लाकूड तसेच जळत राहते. तसा हा प्रकार आहे.

आपल्या जंगलभागात ते जळते लाकूड बहुधा हिवताप असते. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रोग्यांचा मोठा वाटा गेली कित्येक वर्षे गडचिरोली जिल्ह्यातच सापडत आला आहे. (सन १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस या डॉक्टराने डासाच्या पोटात या रोगाचा जंतू प्रथम पाहिला, तो सिरोंच्याहून गोदावरी ओलांडून पुढे गेल्यावर लागणाऱ्या सिकंदराबादेस.) हिवतापाचा स्वभाव फसवा आहे. प्रथम हुडहुडी भरते, मग ताप चढतो, मग घाम सुटून तो आपोआप उतरतो. नेमक्या त्याच वेळी पॅरासिटॅमॉल दिले असेल तर औषधाने गुण आला असे वाटते; पुजाऱ्याने अंगारा लावला असेल तर त्यास यश मिळते; आणि आपण नुसती प्रार्थना केली असेल तर आपणही तसेच समजतो. दुसऱ्या दिवशी मूल अंगणात खेळते व आई कामास जाते. ताप पुन्हा येतो तेव्हा मधले एक-दोन दिवस गेलेले असतात. फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप लहान मुलाच्या मेंदूत शिरण्यास तेवढे दिवस पुष्कळ झाले.

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात अहेरी तालुक्यात दोन सख्खे लहान भाऊ तापाने काही तासांच्या अंतराने मरण पावले, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. त्यांस प्रथम पुजाऱ्याकडे नेले होते. आरोग्य केंद्रास पोहोचेपर्यंत वेळ निघून गेली होती. परत येताना वाहन मिळाले नाही म्हणून आईबापांनी एकेक देह खांद्यावर घेऊन वाट तुडविली. त्या आईबापांस दोष देण्याची घाई कोणी करू नये. तापलेल्या मुलाचे रक्त त्याच दिवशी तपासले पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या कानांवर कोणी घातली होती की नाही, हा प्रश्न आपण आपल्याच गावापुरता स्वतःस विचारावा.

ही तपासणी अवघड नाही व तिला पैसे पडत नाहीत. गावच्या आशा ताईंजवळ एक लहानशी पट्टी असते. बोटास टोचून रक्ताचा थेंब तिच्यावर ठेवला म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत हिवताप आहे की नाही ते दिसते. म्हणून पॅरासिटॅमॉल खुशाल द्यावे, पण त्याच दिवशी पट्टीही करवून घ्यावी. पट्टी कोरी निघाली आणि ताप पुढेही राहिला, तर पुन्हा तपासावे, कारण आरंभी जंतू थोडे असल्यास ते सापडत नाहीत. हिवताप निघाल्यास दिलेल्या गोळ्या अखेरपर्यंत संपवाव्या. ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून शेजारच्या मुलास देणे, हा आपल्याकडील मोठा दोष आहे.

आता मापाविषयी. येथे जरा सावकाश वाचावे, कारण हे औषध अधिक झाले तर यकृत नासते, आणि पहिल्या दिवशी त्याची खूण बहुधा बाहेर दिसतही नाही.

पॅरासिटॅमॉलचे माप वयावर नव्हे, वजनावर ठरते. मुलाच्या दर किलो वजनास एका वेळी दहा ते पंधरा मिलिग्रॅम. बाटलीवर वयाप्रमाणे माप छापलेले असते, ते भरल्या अंगाच्या मुलांकरिता. आपल्याकडील तीन वर्षांचे मूल कधी कधी दहाच किलोचे असते. शिवाय अशक्त व उपाशी मुलाच्या यकृतास हे औषध अधिक जड जाते. वजन कोठे मिळेल, असे विचारू नका. अंगणवाडीत दर महिन्यास मुले तोलतात. ताईंच्या वहीत आकडा लिहिलेला असतो.

दहा किलोचे मूल घेऊ. त्यास एका वेळी फार तर दीडशे मिलिग्रॅम. दुकानात तीन निरनिराळ्या ताकदींचे पातळ औषध मिळते. ज्या बाटलीवर ‘५ मि.ली. मध्ये १२५ मि.ग्रॅ.’ लिहिले आहे, तिच्यातील सहा मिलिलिटर झाले. ‘५ मि.ली. मध्ये २५० मि.ग्रॅ.’ असेल तर तीनच मिलिलिटर. आणि तान्ह्या मुलांकरिता थेंबांची जी लहान बाटली येते, तिच्यात बहुधा एका मिलिलिटरमध्येच १०० मि.ग्रॅ. असतात, तिच्यातील दीड मिलिलिटर पुरे. थेंबांची बाटली लहान, म्हणून औषध सौम्य, असे लोक समजतात. खरे ते अगदी उलट आहे. त्या बाटलीतील सहा मिलिलिटर पाजले तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाईल. बाटलीबरोबर आलेले मापाचे झाकण अथवा नळीच वापरावी. घरातील चमचे सारखे नसतात. एकात तीन मिलिलिटर मावतात तर दुसऱ्यात आठ.

एकदा दिल्यावर पुन्हा ताप चढल्यास निदान चार तास, शक्य तर सहा तास जाऊ द्यावे, आणि एका दिवसरात्रीत चार वेळांहून अधिक देऊ नये. या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. माझा मुलगा दोन वर्षांचा असता एके रात्री मी त्यास औषध पाजले. तासापूर्वीच माझ्या आईने ते पाजले होते, हे मला सकाळी कळले. सुदैवाने दोन्ही मापे लहान होती. तेव्हापासून आमच्या घरी दाराच्या फळीवर खडूने वेळ लिहितात. ज्या घरी घड्याळ नाही तेथे कोंबडा आरवला, गुरे सुटली अशा खुणा ठेवाव्या, परंतु औषध देणारे माणूस एकच असावे. तसेच सर्दीच्या बाटलीत पुष्कळदा पॅरासिटॅमॉल अगोदरच मिसळलेले असते. ती बाटली व तापाची बाटली एकाच वेळी दिली तर नावे दोन होतात, औषध मात्र दुप्पट होते.

मोठ्या माणसाच्या गोळीचा तुकडा मोडून मुलास देण्याची चाल सोडावी. पाचशेच्या गोळीचा अर्धा भाग म्हणजे अडीचशे मिलिग्रॅम. वरच्या मुलास तो जास्त आहे, आणि गोळी कशाची हेही पुष्कळदा ठाऊक नसते. अ‍ॅस्पिरिन मुलास तापात देऊ नये. क्वचित त्याने मेंदूस व यकृतास जीवघेणी सूज येते. नायमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांस देण्यावर सरकारने सन २०११ मध्ये बंदी घातली. आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, कारण ताप डेंग्यूचा असल्यास त्याने रक्तस्राव वाढतो. सुई टोचली नाही तर तो डॉक्टर कसला, ही समजूतही आता जावी; नुसत्या तापाकरिता मुलास सुई बहुधा लागतच नाही.

औषध बरोबर मापले तरी बाटली विश्वासाची असली पाहिजे. आपल्या विदर्भास लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात सन २०२५ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत सर्दी-तापाचे एक पातळ औषध घेतल्यावर वीसहून अधिक मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली; त्यांतील कित्येकांस उपचारासाठी नागपुरास आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष निघाले. सन १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रोगी मेले होते. असे विष रंगावरून वा चवीवरून ओळखता येत नाही. म्हणून सर्दीखोकल्याचे पातळ औषध लहान मुलास देऊच नये. छिंदवाड्याच्या घटनेनंतर सरकारनेही दोन वर्षांखालील मुलांस ते देऊ नये असे कळविले. साधे पॅरासिटॅमॉल उपकेंद्रातून घ्यावे. बाजारातील फिरत्या माणसाकडून, किंवा चिठ्ठी निघून गेलेली बाटली, कधीही घेऊ नये. औषध दिल्यावर मुलाची लघवी फार कमी झाली किंवा थांबली, तर बाटली घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

दोन महिन्यांच्या आतील बाळास ताप आला, किंवा उलट ते गार पडले व दूध ओढीनासे झाले, तर घरी कोणतेही औषध नको. त्यास छातीशी उबेत धरून, वाटेत पाजीत, थेट रुग्णालयात न्यावे. मोठ्या मुलास झटका येणे, ते शुद्धीवर नसणे, प्यालेले सर्व ओकणे, मान ताठणे, ही लक्षणे दिसल्यासही सकाळची वाट पाहू नये. झटका आला असता कुशीवर निजवावे. तोंडात चमचा, कांदा, पाणी काही घालू नये.

श्वासही मोजावा, कारण ताप पुष्कळदा छातीचा असतो. डॉक्टर अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत अक्षरशत्रू दायांकरिता मण्यांचे साधन करून त्यांस मुलांचे श्वास मोजावयास शिकविले, आणि गावातल्या माणसांनी न्यूमोनिया ओळखला तर मुले वाचतात, हे सन १९९० मध्ये जगापुढे मांडले. मूल शांत असता पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आत साठ, एक वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस. श्वास इतके किंवा अधिक भरले, अथवा छाती खाली ओढली जात असेल, तर पॅरासिटॅमॉल देऊन वाट पाहणे धोक्याचे आहे.

मुलास पाठविताना उपदेशकाने एका कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्या: ताप केव्हा आला, पट्टी केव्हा केली व काय निघाले, मुलाचे वजन किती, आणि औषध किती मिलिलिटर कोणत्या वेळी दिले. कागदाबरोबर बाटलीही द्यावी, रिकामी असली तरी.