विरघळणारा स्टेंट की पुन्हा फुगा?

प्रश्न : वर्षभरापूर्वी आईने चुकून संडास साफ करायचे अ‍ॅसिड प्यायले. अन्ननलिका आकसली. तीनदा फुग्याने रुंद केली, पण महिन्याभरात घास पुन्हा अडकतो. विरघळणारा स्टेंट बसवून घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. अ‍ॅसिडने झालेला व्रण चिवट असतो. तीन वेळा म्हणजे सुरुवातच. दर दोन आठवड्यांनी, अशा पाच खेपांनंतरही नळी १४ मिलिमीटरपर्यंत रुंद होत नसेल, तर तिला हट्टी आकुंचन म्हणतात. तुमच्याकडे मधले अंतर महिन्याचे पडते आहे, ते आधी कमी करा. सोबत व्रणात स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते, तेही डॉक्टरांना विचारा.

हा स्टेंट पॉलिडायॉक्सॅनोनचा, म्हणजे टाके घालायच्या विरघळत्या धाग्याचाच. सहा-आठ आठवडे तो नळी ताणून धरतो आणि साधारण तीन महिन्यांत विरघळतो. काढायला पुन्हा एंडोस्कोपी लागत नाही, हे खरे. पण छातीत दुखते, उलट्या होतात, कधी जाळीतून मांस वाढून वाट बुजते. फुग्याशी तुलना करणाऱ्या चाचणीत पहिले तीन महिने स्टेंट सरस ठरला, पुढे फरक ओसरला. शिवाय तो महाग. फुगा हरल्यावरचा तो पर्याय आहे, फुग्याऐवजीचा नव्हे.

फुग्यानंतर छातीत जोराची कळ आली, ताप आला किंवा मानेची कातडी दाबल्यावर चरचरली, तर सकाळची वाट पाहू नका; तडक रुग्णालय गाठा.