दूरवैद्यक : अंतरावरून दिलेले शिक्षण

प्रस्तावना

तज्ज्ञ डॉक्टर घडायला अनेक वर्षे लागतात. एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षांचे एम.डी. किंवा एम.एस. आणि त्यापुढे तीन वर्षांचे डी.एम. किंवा एम.सीएच. असा हा अभ्यासक्रम असतो. त्यातील बराचसा भाग रुग्णाच्या खाटेजवळ, अनुभवी शिक्षकाच्या सान्निध्यात शिकावा लागतो. परंतु साथीच्या काळात माणसांनी जवळ येणेच धोक्याचे ठरले, तर हे शिक्षण कसे चालावे?

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला :
• दूरवैद्यकाची संकल्पना स्पष्ट करता येईल.
• दूरस्थ शिक्षणाचे सामर्थ्य व मर्यादा सांगता येतील.

पाठ

दूरसंचाराच्या साधनांनी दुरून वैद्यकीय सल्ला, उपचार व शिक्षण देणे म्हणजे दूरवैद्यक, अर्थात टेलिमेडिसिन. लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेने १९९९ साली या कार्यास प्रारंभ केला. पुढे ओडिशातील कटकचे वैद्यकीय महाविद्यालय उपग्रहाद्वारे तिच्याशी जोडले गेले. रुग्णांविषयीची चर्चा आणि तज्ज्ञांची व्याख्याने शेकडो किलोमीटर दूर पोहोचू लागली.

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा ही पूर्वतयारी उपयोगी पडली. अतिदक्षता विभागांतील खाटा व कृत्रिम श्वसनयंत्रे वाढवता येत होती; परंतु ती यंत्रे कुशलतेने हाताळणारे तज्ज्ञ अल्पावधीत निर्माण करणे शक्य नव्हते. तेव्हा संस्थेतील तज्ज्ञ उत्तर प्रदेशातील इतर रुग्णालयांच्या डॉक्टरांशी दृक्‌श्राव्य माध्यमातून चर्चा करू लागले.

अशा चर्चेत तरुण डॉक्टर रुग्णाची प्राणवायूची पातळी, क्ष-किरण चित्र व तपासण्यांचे निष्कर्ष तज्ज्ञांपुढे मांडतो. रुग्णाला पालथे निजवावे का, श्वसनयंत्राचा दाब किती ठेवावा, याचा निर्णय दोघे मिळून घेतात. पालथे निजवल्याने फुप्फुसांचा पाठीकडील भाग अधिक खुला होऊन प्राणवायू शोषला जाण्यास मदत होते, हेही त्याला त्याच वेळी उमगते. म्हणजे एकाच चर्चेतून रुग्णावर उपचार होतात आणि डॉक्टरही घडतो.

मात्र या पद्धतीस मर्यादा आहेत. पोटावर हात ठेवून सूज ओळखणे, श्वासनलिकेत नळी बसवणे किंवा शस्त्रक्रिया करणे केवळ पडद्यावर पाहून अंगवळणी पडत नाही. साथीच्या काळात नियोजित शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या, तेव्हा शिकाऊ शल्यचिकित्सकांचा हा सराव बुडाला. व्याख्याने ऐकून ती उणीव भरून निघणारी नव्हती.

दूरवैद्यक तज्ज्ञाचे ज्ञान व निर्णयबुद्धी दूरवर पोहोचवू शकते. हाताचे कौशल्य मात्र रुग्णाजवळच कमवावे लागते. लहान गावातील रुग्णाचे प्राण अनेकदा तेथील डॉक्टरच्या तयारीवर अवलंबून असतात. म्हणून शिक्षणाच्या या दोन्ही वाटा एकमेकींस पूरक ठरायला हव्यात.

शब्दार्थ

सान्निध्य – जवळीक, सहवास
शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
पूरक – उणीव भरून काढणारा

पाठगत प्रश्न

१. साथीच्या काळात केवळ श्वसनयंत्रे वाढवणे पुरेसे का नव्हते?
२. एकाच चर्चेतून उपचार व शिक्षण कसे साधते?
३. कोणती कौशल्ये दुरून शिकवता येत नाहीत? सोदाहरण लिहा.