वरच्या न्हाणीतले पाणी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

फ्लॅटच्या छताला ओल आली आणि तू वरच्या काकूंशी बोलणे टाकलेस, असे ताईकडून कळले. मामाने सोसायटीचे सचिवपद भूषवले आहे (म्हणजे शिव्या खाल्ल्या आहेत), म्हणून हा पत्रप्रपंच.

सोसायटीत आवाज चढतो तो पार्किंगवरून, पण वर्षानुवर्षे चिघळते ती गळती. डाग एकाच्या घरात दिसतो, दोष दुसऱ्याच्या. त्यातही दोष नेमका डागाच्या वर असतोच असे नाही. पाणी स्लॅबमधून, पाइपच्या कडेने वाट काढत भलतीकडेच टपकते. म्हणून आधी पाणी शोधावे, माणूस नंतर.

छत सदासर्वकाळ ओले असेल तर संशय दाबाच्या पाइपवर. वरचा व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवला की थेंब मंदावतात. आंघोळींनंतर ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप नाहीतर फरशीचे सांधे. फक्त पावसाळ्यात डाग पसरत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग पाहावी. शंका उरलीच तर ट्रॅपचे तोंड बंद करून वरच्या फरशीवर पाणी साठवतात आणि दिवसभर खालून छतावर नजर ठेवतात. अलीकडे काकूंकडे फरशा बदलल्या होत्या का, हेही विचार. जुन्या फरशा फोडताना खालचे वॉटरप्रूफिंग फुटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोष सापडला की खर्चाचा वाद निम्मा मिटतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती त्या-त्या सभासदाने काढायची. आधी कळवून फ्लॅटची पाहणी करण्याचा अधिकार समितीला आहे. समितीचे पदाधिकारी तो वापरायला लाजतात, ही गोष्ट वेगळी.

रागाच्या भरात मेंटेनन्स मात्र थांबवू नकोस. ‘गळती काढा, मग पैसे’ हे बाणेदार वाटते, पण उपविधींनुसार थकबाकीवर सरळव्याज लागू शकते आणि 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-29 खाली सोसायटी निबंधकांकडून वसुलीचा दाखला आणू शकते. तक्रारदार बघता बघता थकबाकीदार होतो आणि त्याच्या गळतीचे नावही कुणी काढत नाही.

पोलीस चौकीही नको. तिथे मारहाणीची, धमकीची तक्रार न्यावी. नहाणी ट्रॅपचे तिथे कुणाला काय? सचिवांना लेखी अर्ज दे, पोच घे. समिती ढिम्म राहिली तर निबंधक आहेत, आणि कलम 91 खाली सहकार न्यायालयही आहे. तिथले खटले मात्र रेंगाळतात आणि तोवर काकू रोज लिफ्टमध्ये भेटणारच.

तेव्हा अर्जाच्या आधी एक कर. काकूंनी तो डाग पाहिला आहे का? वरच्या मजल्यावरच्या माणसाला गळती दिसत नाही, फक्त तक्रार ऐकू येते. त्यांच्या न्हाणीत सगळे कोरडे ठाक, मग खालच्या पोरीचा कांगावाच वाटणार. रविवारी सकाळी त्यांना चहाला बोलाव, छत दाखव आणि प्लंबर दोघींच्या समोर बघू दे. तो शक्यतो सोसायटीचा नेहमीचा असावा. तू आणलेल्याचे निदान त्यांना पटायचे नाही.

फोडाफोडी ठरलीच तर ती कुठल्या वेळात करायची, तुझ्या छताचे प्लास्टर कुणी करून द्यायचे, हे आधीच व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून घ्या. मागाहून ‘असे ठरलेच नव्हते’ म्हणायला दोन्ही घरांतले नवरे तयार असतात. रंगाची घाई करू नकोस. गळती थांबली तरी स्लॅब वाळायला काही आठवडे लागतात. ओल्यावर रंग मारलास तर पोपडे धरतील आणि तू पुन्हा वरच्यांची बेल दाबशील.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा मामा